वनमंत्री महोदय, धबधब्याची वाट एकदा भर पावसात चालून बघा

मा. वनमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका वनोद्यानात गेलो होतो. धबधबा भरून कोसळत होता, झाडी ओलीचिंब, मन अगदी प्रसन्न. परतताना मात्र दोनदा घसरून आपटलो. दुसऱ्यांदा तर सिमेंटच्या कोऱ्या पायरीवर. म्हणून हे पत्र.

डोंगरातल्या वाटेचा खरा शत्रू पाणी. वाट उतारावर सरळ काढली की पावसाळ्यात तिचाच ओहळ होतो. माती जाते, मुळं उघडी पडतात, चिखल चुकवायला लोक कडेकडेने चालतात आणि दोन हातांची वाट बघता बघता सहा हात होते. त्यावर सिमेंट ओतलं तर पाणी पायरीच्या बाजूने नवी घळ पाडतं, खालची माती पोखरतं आणि वर शेवाळ धरतं ते वेगळंच. वाटा बांधणाऱ्या जाणकारांचा ठोकताळा साधा आहे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा, वाटेला दरीच्या अंगाला किंचित कल द्या आणि जागोजागी तिरके दगड रोवून पाणी बाहेर काढा. याला टिकाव, फावडं आणि डोंगर कळणारी माणसं लागतात. उद्घाटनाला फीत बांधण्याजोगं त्यात काही नाही, ही अडचण मात्र मला कळते.

नागमोडी वळणं तोडून लोक सरळ उतरतात, त्यानेही घळी पडतात. मीही उतरलोय, खोटं कशाला बोलू? दोन वळणांच्या मधे दाट झुडपं असती तर सुचलंही नसतं.

आता पाट्या. 'पुढे धोका आहे' या पाटीखालीच लोक फोटो काढतात. धोका कसला ते लिहा ना! पडत्या पाण्याखालच्या डोहात हवा मिसळलेली असते. त्या फेसाळ पाण्यात पट्टीचा पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. इथे ऊन असलं तरी वरच्या पाणलोटात पाऊस कोसळला तर लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की तिथून लगेच निघायचं. एवढं वाचलं तर माणूस स्वतःहून मागे सरकेल.

आणि 'धबधबा २ किमी' म्हणजे नेमका किती वेळ? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशेब घालून दिला: सपाटीवर साधारण ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर जास्त धरा. अंतराशेजारी चढ आणि वेळ लिहिली तर अंधार पडेपर्यंत कुणी जंगलात अडकणार नाही.

पुढच्या कामाच्या फायलीवर सही करण्याआधी फाटकापासून धबधब्यापर्यंत एकदा भर पावसात चालून या. छत्री नको. दोन्ही हात मोकळे लागतील.

आपला,
एक पायी फिरणारा