औषध बदलले, तर तसे सांगा तरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेनेरिक औषधांवरच्या चर्चेत दोनच सूर ऐकू येतात. एक, 'सगळे सारखेच'. दुसरा, 'स्वस्त म्हणजे भुक्कड'. एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, असा विकार) मिथाइलफेनिडेट हे औषध घेणाऱ्या माझ्यासारख्याला दोन्ही पटत नाहीत.

मी बर्डीवर एका फर्ममध्ये हिशेब पाहतो. सकाळी घेतलेली लाँग ॲक्टिंग गोळी संध्याकाळपर्यंत साथ देते. मध्यंतरी नेहमीची गोळी संपली होती, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली. "सेमच आहे भाऊ, नाव तेवढं वेगळं." घटक तोच, मिलिग्रॅमही तेवढेच. पण सकाळी छातीत धडधड, आणि डबा खाऊन जागेवर बसलो की लेजरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचो. डॉक्टरांनी स्ट्रिप उलटसुलट पाहिली. त्यांनी स्वस्तपणाला दोष दिला नाही. औषध गोळीतून कसे आणि किती वेळ सुटते, यात फरक पडू शकतो म्हणाले.

हे मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांसाठी एक उदाहरण. कॉन्सर्टा या मिथाइलफेनिडेटच्याच गोळीतून औषध दिवसभर हळूहळू बाहेर ढकलले जाते (रिकामे कवच शौचावाटे तसेच पडते, नवखे लोक घाबरतात). अमेरिकेत तिच्या दोन जेनेरिक पर्यायांबद्दल तक्रारी आल्या. ही औषधे काहींच्या शरीरात ७ ते १२ तासांच्या टप्प्यात मंद गतीने सुटत असावीत, असे सांगून तिथल्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांचा दर्जा बदलला. मूळ गोळीऐवजी ती आपोआप देण्याजोगी राहिली नाहीत. गंमत म्हणजे तिसरे जेनेरिक मूळ कंपनीच बनवत होती. त्याबद्दल प्रश्नच उद्भवला नाही.

उलट धंतोलीत दवाखान्यात नंबर लागेपर्यंत गप्पा मारणाऱ्या एका ताईंच्या मुलाला ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचेच दुसरे औषध सुरू आहे. त्यांनी स्वस्तातली कंपनी घेतली, काडीचाही फरक नाही. त्या कॅप्सूलचा असर काही आठवड्यांत हळूहळू बसतो, तासांच्या गणितावर चालत नाही. पैसे वाचतात, तर का वाचवू नयेत? तसेही आपल्याकडची बहुतेक 'कंपनीची' औषधे म्हणजे ब्रँडचे नाव लावलेली जेनेरिकच.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. ही कटकट नको म्हणून मेडिकल चौकापासून गांधीबागेपर्यंत मोजकीच दुकाने ते ठेवतात, आणि आपण मिळेल ते घेतो. एवढे रजिस्टर सांभाळणाऱ्याला कंपनी बदलल्याचे सांगायला काय जाते? डॉक्टरांनीही चिठ्ठीवर गोळी साधी की लाँग ॲक्टिंग, हे ठळक लिहावे.

फरक जाणवला तर आधी डॉक्टरांना सांगा, मग १८००-१८०-३०२४ या सरकारी औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर नोंदवा. फॉर्मवर बॅच नंबर विचारतात, तेव्हा गोळ्या संपल्या तरी स्ट्रिप फेकू नका.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर