बाल्या, चांगला डोळा का झाकायचा ते सांगतो

प्रिय बाल्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. लेकराचा एक डोळा आळशी झालाय, चष्मा दिला आणि वर चांगल्या डोळ्याला पट्टी लावा म्हणले, आणि तुझं डोकं फिरलं की बुबुळ चांगलं, पडदा चांगला, नस चांगली, मग बिघडलंय काय आणि चांगला डोळा झाकून भलतंच काय करायलेत. फोनवर सांगायला गेलो तर तू मधीच मोंढ्यात कोणाशी तरी सोयाबीनचा भाव बोलायला लागलास, म्हणून लिहूनच पाठवायलोय. लांब झालंय, सावकाश वाच. पट्टीवर येतो, पण आधी जरा मागं जावं लागतं.

डोळ्याच्या पडद्यातून, म्हणजे रेटिनातून, एका डोळ्याचे साधारण 10 लाख धागे निघतात आणि मेंदूत जातात. बेडकात आणि माशात ते टेक्टम नावाच्या भागात उतरतात, आपल्यात बरेचसे थॅलॅमसमधे, म्हणजे मेंदूच्या मधल्या ठाण्यात, आणि तिथून पुढची लाइन डोक्याच्या मागच्या बाजूच्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला. मुद्दा असा की पडद्यावर शेजारी असलेले दोन धागे मेंदूतही शेजारीच बसायला पाहिजेत, नाहीतर चित्राचा पार भुगा. आता प्रत्येक धाग्याला कोण सांगतं की बाबा तुझी जागा ही? क्लासमधली पोरं लगेच म्हणतात, सर डीएनएमधे लिहिलेलं असतं. नीटच्या पेपराला ठीक आहे, पण हिशेब कर की, प्रोटीन बनवणारी जीन्स सगळी मिळून 20 हजाराच्या आसपास, त्यात हाडं पण बनवायची, लिव्हर पण, आणि इकडं एकट्या डोळ्याचे धागे 10 लाख. एकेका धाग्याला वेगळा पत्ता द्यायला पुरतच नाही.

हे धागे वाढतात ते टोकाकडून. टोकाला एक पसरट, बोटं फुटल्यासारखा भाग असतो, ग्रोथ कोन म्हणतात त्याला. स्पेनच्या काहाल नावाच्या शास्त्रज्ञानं तो 1890 मधे कोंबडीच्या गर्भात पाहिला, तेही मेलेल्या, रंग दिलेल्या चकत्यांत, आणि त्यावरून ओळखलं की हा भाग सरकत असणार! जिवंत धागा वाढताना दिसला तो पुढं 1907 मधे, रॉस हॅरिसननं बेडकाच्या गर्भाचा तुकडा लिम्फच्या (अंगातल्या पातळ द्रवाच्या) थेंबात ठेवून पाहिला तेव्हा. ही बोटं आजूबाजूला चाचपत राहतात, काही रेणू लागले की पुढं, काही लागले की मागं.

पण खरी मजा रॉजर स्पेरी नावाच्या शास्त्रज्ञाची. त्याच्या गुरूचं, पॉल वाइसचं, म्हणणं असं की नस कुठंही जोडली तरी चालतं, जुळवाजुळव नंतर होते. स्पेरीनं 1940 च्या दशकात बेडकांची डोळ्याची नस कापली आणि डोळा 180 अंशात फिरवून तसाच बसवला. बेडकाची ही नस परत वाढते (आपली वाढत नाही, म्हणून तर काचबिंदूनं गेलेली नजर माघारी येत नाही). नस वाढली, बेडूक बघायला लागला, पण वरती माशी दाखवली की हा खाली झडप घालायचा, पुढं दाखवली की मागं. आणि सुधारलाच नाही तो. म्हणजे धागे डोळा उलटा असूनही आपापल्या जुन्या जागीच जाऊन बसले होते, अनुभवानं त्यांना काही शिकवलं नाही. त्यावरून 1963 मधे त्यानं मांडलं की धाग्यांवर आणि मेंदूतल्या जागांवर रासायनिक खुणा असतात, आणि त्या कमी-जास्त प्रमाणात पसरलेल्या असतात.

ह्या खुणा हाताला लागायला पुढं तीसेक वर्षं गेली. जर्मनीत ट्यूबिंगनला बॉनहॉफरच्या लॅबनं कोंबडीच्या टेक्टमच्या पुढच्या आणि मागच्या भागाच्या पेशींची आवरणं पट्ट्या-पट्ट्यांनी अंथरली, तर कानाकडच्या रेटिनाचे धागे मागच्या भागाच्या पट्टीवर पाय ठेवायला तयार नाहीत. 1995 मधे त्यामागचे रेणू सापडले, एफ्रिन-ए, ते धाग्याला दूर ढकलतात. टेक्टममधे ते पुढं कमी आणि मागं जास्त, आणि ते ज्या रिसेप्टरवर बसतात तो एफ-ए, तो नाकाकडच्या धाग्यांवर कमी, कानाकडच्यांवर जास्त. ज्याच्यावर रिसेप्टर जास्त त्याला मागं जाववत नाही, तो पुढंच थांबतो.

आता इथं गडी फसतात. कोणालाही वाटतं की अमुक इतका रिसेप्टर म्हणजे अमुक जागा, ठरलेली. तसं नाही. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे ना आपली, तसं आहे हे, तुझी जागा तुझ्या उंचीवर नाही, बाकीचे किती उंच त्यावर ठरते. गोल्डफिशचा अर्धा रेटिना काढला तर उरलेल्या अर्ध्याचे धागे काही काळानं पूर्ण टेक्टमभर पसरले, आणि अर्धा टेक्टम काढला तर सगळे धागे उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीनं पण क्रमानंच बसले. 2000 मधे उंदरांवर तर कमालच केली, शेजारशेजारच्या धाग्यांपैकी एक सोडून एकाला जादा रिसेप्टर दिला, तर एकाच डोळ्याचे मेंदूत दोन नकाशे झाले, आणि ज्यांना जादा दिलंच नव्हतं त्यांचीही जागा सरकली.

आणि ही गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगतो, सिलॅबसमधे नसली तरी. आपण परळीचे, वैजनाथाच्या गावचे, तिसरा डोळा म्हणलं की कान टवकारणारच. 1978 मधे मार्था कॉन्स्टँटिन-पॅटन आणि मार्गारेट लॉ यांनी बेडकाच्या गर्भाला तिसरा डोळा बसवला. बेडकात एका डोळ्याचे धागे पलीकडच्या एका टेक्टमला जातात, दोन डोळ्यांची तिथं गाठच पडत नाही. ह्या तिसऱ्याचे धागे शिरले दुसऱ्याच्या हद्दीत, दोघांच्या खुणा सारख्याच, आता बसायचं कुठं? तर झेब्र्यासारखे पट्टे पडले, एक पट्टा ह्याचा, एक त्याचा. बेडकाच्या जीन्समधे पट्टे कुठून येणार, लाखो वर्षांत कोणाला तीन डोळे नव्हते! पट्टे पडले ते भांडणातून. एका डोळ्यातले शेजारी एकाच वेळी सिग्नल देतात, म्हणून ते एकत्र टिकतात, आणि दुसऱ्या डोळ्याचे सिग्नल त्यांच्या ताला-सुरात नसतात म्हणून ते बाजूला ढकलले जातात. फुगू माशाचं विष देऊन सिग्नल बंद पाडले तर पट्टे विरघळून गेले. मला विचारशील तर स्पेरीच्या बेडकापेक्षा हा बेडूक मोठा.

हे सिग्नल उजेडाचेच पाहिजेत असंही नाही. 1991 मधे कार्ला शॅट्झ आणि तिच्या सोबतच्यांनी दाखवलं की फेरेटच्या (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच रेटिनातून सिग्नलच्या लाटा जातात. म्हणजे अंधारात बसून रिहर्सल चालूच असते.

आता तुझ्या पोराकडं ये. माणसात नाकाकडचे धागे मेंदूखाली पलीकडं जातात आणि कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या लाइनी पुढं कॉर्टेक्समधे एकाच ठिकाणी येऊन भेटतात. म्हणजे आपण सगळे त्या तीन डोळ्यांच्या बेडकाच्याच भानगडीत आहोत, कायम. 1963 मधे ह्यूबेल आणि वीझेलनं मांजराच्या पिल्लाची एक पापणी शिवून ठेवली. काही महिन्यांनी उघडली तर तो डोळा चांगला, रेटिना चांगला, पण कॉर्टेक्समधल्या पेशी जवळजवळ सगळ्या दुसऱ्या डोळ्याच्या झालेल्या. मोठ्या मांजराचं तसंच केलं तर काहीच झालं नाही. (1981 चं नोबेल स्पेरी आणि हे दोघं, तिघांत वाटून गेलं, स्पेरीला मात्र वेगळ्या कामासाठी.)

तुझ्या पोराचा नंबर एका डोळ्याचा मोठा, तिकडून चित्र कायम धूसर, तर त्या डोळ्याचे सिग्नल कमजोर, आणि कॉर्टेक्समधली जागा दुसरा डोळा खात चाललाय. नंबर सोडला तर डोळ्यात सगळं नीटच दिसणार, कारण खरा बिघाड मेंदूतल्या जोडण्यांत आहे. चष्म्यानं चित्र साफ होतं, काही लेकरांचं तेवढ्यावर भागतंही, नाही भागलं तर बळकट डोळ्याला रोज थोडा वेळ गप्प बसवायचं. चार वर्षांचा आहे तोवर जोडण्या मऊ आहेत, मोठं झाल्यावर हेच काम लई जड जातं. म्हणून आत्ताच. बायकोला आणि आईला पण सांग, आईच जास्त पट्टी काढते म्हणालास ना, लेकरू रडतंय म्हणून.

किती तास ते डॉक्टर म्हणतील तेवढंच, आपल्या मनानं दिवसभर बांधून ठेवू नको, चांगला डोळाही लहानच आहे अजून. चष्म्यावर कागद लावू नको, पोरगं कडेनं बघतं, पट्टी कातडीलाच चिकटव. पट्टी असताना चित्रं रंगवायला दे, मणी ओवायला दे, जवळचं बारीक काम. अगदीच ऐकेना तर चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब (त्यानं तो डोळा काही वेळ धूसर होतो) घालायचा मार्ग असतो, तो डॉक्टरांना विचारून.

पुढच्या तपासणीचा कागद मिळाला की फोटो टाक, दोन्ही डोळ्यांचे नंबर दिसतील असा काढ, मागच्यात अर्धा तुझा अंगठाच आलाय.

तुझा,
सुन्या
लातूर