तिकिटं काढली आहेत

प्रिय आई आणि बाबा,

रागावू नका, तिकिटं काढून झाली. परवा फोनवर बाबा "बघू" म्हणाले आणि त्याच रात्री काढली. बाबांचं "बघू" मला चांगलं ठाऊक आहे. पावसाळाभर तुम्ही दोघं माझ्याकडे. घर सुटत नाहीये, नुसतं कुलूप लागतंय. किल्ली आत्याकडे.

मागच्या पावसातल्या त्या रात्रीबद्दल मी बोलत नाही. पण रस्त्यात गुडघाभर पाणी, बाबांना आडवं झालं की दम लागतोय आणि मी फोनच्या या टोकाला, हे पुन्हा मला झेपायचं नाही. चूक कुणाचीच नव्हती. फिरणं बंद पडलं होतं, खाण्यात खारट-तळलेलं वाढलं होतं, त्यात ती सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारी औषधं रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढवतात, हे तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं?

इथे लिफ्ट आहे. खाली छपराखाली बाबांच्या फेऱ्या होतील, छत्री नको की निसरडं नको. खिडकीशी हातांची खुर्ची ठेवलीय, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय. आई, स्वयंपाकघर तुझंच. मीठ तेवढं माझ्या ताब्यात.

शाळेतून भिजून आले की बाबा माझ्या पायांच्या बेचक्या एकेक करून पुसायचे, करंगळीपासून सुरू करून. आता तुमचे पाय बघायची पाळी माझी.

मी न्यायला येईपर्यंत मात्र हे ऐका. आई, रोज सकाळी बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून बघ. खळगा तसाच राहिला तर लगेच फोन कर. वजन सकाळी, काही खाण्याआधी. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते अंगावर धरलेलं पाणी असू शकतं, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. "सारखं उठावं लागतं" म्हणून लघवीची गोळी चुकवायची नाही, बाबा! जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ती आणि बीपीची गोळी घ्यायची का, हे आधी डॉक्टरांना विचारा. अंगातलं पाणी गेलं की बीपी एकदम खाली येतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या त्या जाळीची, स्टेंटची गोळी आपल्या मनानं कधीच बंद नाही. ताप आला तर पॅरासिटॅमॉल. गुडघ्याची ती दुखण्यावरची गोळी अजिबात नको: डेंगी असला तर रक्तस्रावाची भीती, शिवाय ती अंगात पाणी धरते. आणि गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात.

छातीवर दाब, जबडा किंवा हात दुखणं, घाम, असं काही झालं तर गॅस समजून थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. आई, हे तुलाही. तुला शुगर आहे, तुझ्या छातीत कदाचित दुखणारही नाही, नुसता दम लागेल, गळून जाशील. आणि तू ते बाबांच्या आजारपणाआड लपवशील. ओळखते मी तुला.

बीपीचं मशीन हातातल्या पिशवीत ठेवा. रेडिओ इथे आहे, पण बाबा, तुमचा तो खरखरणाराच आणा.

तुमची,
बाळी