गुलाब का हरला, तेवढं तरी कार्डावर लिहा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

जानेवारी आला की तुमच्या पेपरात पुष्पप्रदर्शनाचे फोटो येतात, एम्प्रेस गार्डनची गर्दी, फुलांचे मोठमोठे देखावे, आईचा हात धरून चाललेली लहान मुलं, ते बघून खूप छान वाटतं आणि ती कात्रणं मी जपून ठेवते. पण प्रदर्शनात एक लांब टेबल असतं, त्यावर एकेका बाटलीत एकेक गुलाब उभा असतो आणि बाटलीखाली स्पर्धकाचं कार्ड असतं. त्या टेबलाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, आणि फूल हरलं तर का हरलं हे परीक्षकही त्या कार्डावर लिहीत नाहीत, म्हणून हे पत्र.

मी कोथरूडला राहते, सोसायटीच्या गच्चीवर माझ्या पंचेचाळीस कुंड्या आहेत, त्यातले बावीस गुलाब. सकाळी टेकडीवरून उतरलं की खालच्या टपरीवर आम्ही सात-आठ बागवाले चहाला थांबतो. नातवाची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं, आज पाणी कमी दाबानं का आलं, असं सगळं निघतं, पण गेली दोन-तीन वर्षं फिरून फिरून गाडी एकाच गोष्टीवर येते, ती म्हणजे हा उकाडा.

"वहिनी, शेवंतीला कळ्या धरल्या का हो?"

"कुठल्या, नुसती पानंच फुटतायत. दिवाळी होऊन गेली तरी कळीचा पत्ता नाही."

आता शेवंतीचं असं आहे की रात्र मोठी झाली की ती कळी धरते, पण रात्र नुसती मोठी असून भागत नाही, थोडी गारही लागते, आणि रात्री उबदार राहिल्या की फूल यायला उशीर होतो. पॅन्सी तर उन्हाने चार दिवसांत मान टाकते. कोरड्या गरम हवेत लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असा वाढतो की गुलाबाच्या पानामागे बारीक जाळी दिसायला लागते, मग रोज सकाळी पाइप धरून पानं खालच्या बाजूने धुवायची, औषध मारण्यापेक्षा हे बरं. आमच्यातले एक काका एसटीतून रिटायर झालेत, गुलाबातला त्यांच्याइतका दर्दी माणूस मी पाहिला नाही, ते म्हणतात की पूर्वी डिसेंबरात पहाटे झारी धरली की बोटं बधिर व्हायची, आता बनियनवर पाणी घालतो. याच पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर गेल्याची नोंद आहे, आणि यंदा जानेवारीतच माझ्या गच्चीवरच्या थर्मामीटरवर मी दुपारी ३४ वाचलेत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे प्रदर्शनाचा गुलाब हा कॅलेंडरवर वाढवावा लागतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरात मोठी छाटणी, सिकेटरला म्हणजे छाटणीच्या कात्रीला धार लावून, डोळ्याच्या म्हणजे फांदीवरच्या अंकुराच्या वर तिरका काप, कापलेल्या टोकाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, मग शेणखत आणि निंबोळी पेंड. प्रदर्शन जानेवारीच्या शेवटी असेल तर तिथून मागे पन्नास-पंचावन्न दिवस मोजायचे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हलकी छाटणी करायची. हे गणित आम्हाला तोंडपाठ होतं आणि दिवस-दोन दिवस इकडेतिकडे सोडले तर ते चुकत नव्हतं. ऑक्टोबर २०२४ हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम ऑक्टोबर होता असं हवामान खात्याने जाहीर केलं, तेव्हा आम्हाला काही नवल वाटलं नाही कारण आमच्या कुंड्यांनी ते आधीच सांगितलं होतं. गरम हवेत कळी लवकर येते, लवकर फुटते, दांडा आखूड राहतो, पाकळ्या कमी भरतात आणि रंग उतरतो. यंदा माझी अर्धी झाडं प्रदर्शनाच्या आठ दिवस आधीच फुलून गेली.

तरी डबल डिलाइट जातीचा एक गुलाब राहिला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, सायीसारखी पांढरट पाकळी आणि कडेला लाल, ऊन लागेल तशी ती लाली आत पसरत जाते, आणि वास असा की जिन्यात आलं तरी कळतं. बाजूच्या कळ्या आधीच खुडल्या होत्या, दांड्यावर ही एकच ठेवली होती. आदल्या संध्याकाळी काका स्वतः गच्चीवर आले आणि त्यांनी जाड मऊ लोकरीचा धागा पाकळ्यांभोवती हलकेच एकदा फिरवला, गाठ नाही, नुसता पीळ, म्हणजे फूल रात्रीतून पसरत नाही. पहाटे साडेपाचला कापला आणि लगेच बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात. हा धागा परीक्षणाच्या आधी काढायचा असतो, राहिला तर फूल बाद होतं. परीक्षण नऊला म्हणून सांगितलं होतं, मी साडेआठला धागा काढला तेव्हा फूल अर्ध्याच्या थोडं पुढे उमललेलं होतं, मधला भाग उंच, पाकळ्या चारी बाजूंनी सारख्या, म्हणजे जसं पाहिजे अगदी तसं. मग स्पर्धकांना बाहेर जायला सांगितलं.

परीक्षण सुरू झालं बारा वाजता. पत्र्याचं छप्पर, पंखे बंद, कारण वाऱ्याने बाटल्या पडतात. दोन वाजता आत सोडलं तर माझा गुलाब बशीसारखा पसरला होता, मधले पिवळे केसर दिसत होते, आणि खालचं कार्ड कोरं. प्रदर्शनाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं राबणारी आहेत आणि मला भांडायचं नाहीये. बक्षीस गेलं याचंही काही नाही, ज्याला पहिला नंबर मिळाला त्याचा ग्लॅडिएटर जातीचा गुलाब खरंच देखणा होता, इतका वेळ उकाड्यात उभा राहूनही मान ताठ.

पण माझ्या शेजारी एक अकरावीतला मुलगा उभा होता, पहिल्यांदाच आलेला. त्याने डेलिया आणला होता, गणपतीच्या आसपास कंद लावला, काठी बांधली, रोज बघितला, आणि फूल खरोखर फार सुंदर होतं, एकही पाकळी मागे मुडपलेली नाही. त्याचंही कार्ड कोरं. त्याचा चेहरा बघवत नव्हता, आईला म्हणाला की आपल्याला नाही जमत हे, पुढच्या वर्षी नको. डेलियाचे वर्ग फुलाच्या मापावरून असतात, काकांनी पट्टी लावून बघितलं तर फूल त्या वर्गाच्या मापापेक्षा मोठं होतं, म्हणजे फूल वाईट नव्हतंच, चुकीच्या वर्गात ठेवलं गेलं होतं. काका तिथे नसते तर तो मुलगा आपल्याला येत नाही असं समजून घरी गेला असता. त्या कार्डावर "वर्ग चुकला" एवढं कुणी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

माझं मागणं एवढंच आहे. परीक्षकांनी कारण लिहावं. निबंध नको, एक-दोन शब्द पुरे, "जास्त उमललं", "दांडा आखूड", "पानांवर डाग", "वर्ग चुकला". शेकडो बाटल्या बघायच्या असतात, वेळ नसतो, हे मला माहीत आहे, परीक्षक आपली रविवारची सकाळ देतात त्याबद्दल खरोखर आदर आहे. पण परीक्षक आपापसात बोलत असतातच ना, हा का बाजूला काढला आणि तो का ठेवला, तेच बोलणं शेजारी उभं राहून एका माणसाने कार्डावर उतरवलं तर वेळ कितीसा जाईल. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत परीक्षक मुलांना बाजूला घेऊन सांगतात की कुठे कमी पडलात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. लंडनला चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात तर मेडल दर्जा बघून देतात, गोल्डच्या लायकीच्या चार बागा असतील तर चौघांना गोल्ड, आणि आपण कुठे कमी पडलो ते परीक्षकांकडून समजून घेता येतं. ते प्रदर्शन १९१३ पासून चालू आहे, म्हणजे ही पद्धत काही न झेपणारी नाही.

आणि हे आत्ताच का पाहिजे, तर पूर्वी आम्हाला थंडी शिकवायची. अमुक आठवड्यात छाटलं की तमुक दिवशी फूल, चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारायचं, वीस वर्षं तेच हवामान होतं म्हणून ते सुधारताही यायचं. आता दरवर्षी वेगळंच काहीतरी होतं, आपला अंदाज चुकला का खत चुकलं का नुसता उकाडा नडला हे घरी बसून कळत नाही. जाणत्या माणसाने फूल समोर धरून सांगितलं तरच कळतं, आणि असा जाणता माणूस आम्हाला वर्षातून एकदाच भेटतो, तोही आम्ही हॉलच्या बाहेर असताना.

परीक्षणाची वेळही तेवढी पाळावी. नऊ म्हणजे नऊ. पाहुण्यांचं उद्घाटन नंतर होऊ दे, पाहुणे बारालाही तसेच राहतात, गुलाब राहत नाही.

यंदा आम्ही ठरवलंय की अर्ध्या कुंड्यांची छाटणी आठवडाभर उशिरा करायची आणि प्रत्येक कुंडीवर तारखेची चिठ्ठी लावायची. त्या मुलाला काकांनी घरी बोलावून डेलियाचे दोन कंद दिलेत, वेगळ्या मापाचे. आणि आमच्या भागातल्या संयोजकांनी हे पत्र वाचलं तर त्यांना सांगते, पुढच्या जानेवारीत परीक्षकांच्या शेजारी उभं राहून कार्डं लिहायला मी, काका आणि आमच्यातल्या दोघी वहिनी तयार आहोत. ज्या वर्गात आमची फुलं असतील तो वर्ग सोडून बाकीचे द्या, सकाळी सातला बोलावलंत तर सातला येऊ.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे