तिथे आम्ही खाणार काय?

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
रविवार, रात्री

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

गेले तीन रविवार आई फोनवर एकच विचारते आहे, "तिथे आम्ही खाणार काय?" मी "सगळं मिळतं गं" म्हणेपर्यंत बाबा मागून "काय म्हणतेय ती?" विचारतात, आई त्यांना मोठ्यांदा सांगते, आणि बोलणं गुडघ्यांवर नाहीतर नळाच्या पाण्यावर जातं. म्हणून कागद घेऊन बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबांना भिंग शोधायला नको.

आधी सोपं उत्तर. डाळ, तांदूळ, कणीक, मेथी, गवार, साबुदाणा हे सगळं माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, 74व्या रस्त्यावर मिळतं. तिथलं पटेल ब्रदर्स म्हणजे आपल्या किराणा दुकानाचंच मोठं भावंड. तेव्हा आई, भाजणीचे पाच डबे बॅगेत कोंबू नकोस. एक पुरे.

पण तुझा प्रश्न तेवढाच नाही, हे मला कळतं. बाबांची माळ आहे, तुझा चातुर्मास आहे, आणि बाहेरच्या भांड्यांत काय काय शिजलं असेल याची धास्ती आहे. माझंही एक म्हणणं आहे. तुम्ही दोन महिने इथे राहायचं आणि पंचवटीतलंच जेवण जेवून परत जायचं, असं व्हायला नको. मला तुम्हाला हिंडवायचंय. सहा वर्षांत या शहरातली जी जी दुकानं मी शोधली, त्यातली कितीतरी मी तुमच्यासाठी म्हणून मनात बाजूला काढून ठेवली आहेत.

हे शोधणं मी बाबांकडूनच शिकले. नाशकात रविवारी सकाळी चेतक स्कूटरवर मी पुढे उभी आणि बाबा गाडी हाणतायत, कधी मखमलाबाद रोडला, कधी सातपूरला, कधी भद्रकालीच्या बोळात, एका मिसळीसाठी! पाटी किती मोठी आहे ते बाबांनी कधी पाहिलं नाही. रिक्षावाले कुठे थांबलेत ते पाहायचे. दुकानात दोनच पदार्थ मिळत असले तर आत शिरायचे, वीस मिळत असले तर गाडी पुढे. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर भाजीवालीला विचारायचे, "मावशी, तुम्ही कुठे खाता?" आई घरी कांदेपोहे करून वाट बघत असायची आणि आम्ही तर्रीचे डाग घेऊन परत यायचो.

इथेही मी तेच करते. सकाळी अकराच्या सुमाराला जाते, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो. छापील मेनू बाजूला ठेवून भिंतीवर हाताने लिहून चिकटवलेले कागद पाहते, कारण त्या त्या गावची माणसं तेच मागवतात. एका दुकानात एकच पदार्थ खाते. आणि भाजी घ्यायला आलेल्या आज्ज्यांना खुणांनी विचारते, ह्याचं काय करता? एल्महर्स्टच्या एका बाजारात मला केळफूल असंच मिळालं. एक थाई आजी ते उलटंपालटं करून निवडत होत्या. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या हातातलं काढून घेतलं आणि दुसरं, घट्ट मिटलेलं दिलं. घरी येऊन सोललं तर आतून पांढरं स्वच्छ. त्या दिवशी तुला फोन करून भाजी विचारली होती, आठवतं? ती ह्या केळफुलाची.

आता थोडं इथल्या भूगोलाविषयी, म्हणजे बाबांना नकाशा घेऊन बसता येईल. मी राहते तो क्वीन्स भाग. 1965 मध्ये अमेरिकेने देशवार कोटा ठरवणारा जुना कायदा बदलला, तेव्हापासून आशियातून माणसं येत गेली आणि क्वीन्समध्ये गल्लीगल्लीने वसली. त्यांच्यामधून सात नंबरची लोकल जाते, रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून. माझ्या स्टेशनच्या खाली तिबेटी आणि नेपाळी मोमो, एका बाजूला बांगलादेशी फुचकावाले (फुचका म्हणजे त्यांची पाणीपुरी), जरा पुढे थाई आणि इंडोनेशियन, आणि सातवं, शेवटचं स्टेशन फ्लशिंग. तिथे गाडी जमिनीखाली शिरते, आणि वर आलं की दोन्ही बाजूंना चिनी अक्षरांच्या पाट्याच पाट्या. माझ्या स्टेशनला लिफ्ट आहे, फ्लशिंगलाही आहे. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी दोन्हीकडे वर-खाली करून बघून आले.

"एशियन फूड" हा शब्द इथे सगळे वापरतात आणि मला तो पटत नाही. सावजी, मालवणी आणि आपला खानदेशी मसाला एका पातेल्यात ओतून कुणी "महाराष्ट्रीय" म्हणावं, तसं ते वाटतं. आपण कॉलेज रोडला खायचो ते मंच्युरियन तर चीनमध्ये कुणाला माहीतही नसेल. ते मुंबईचं. नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमाराला केलं असं सांगतात. बाबांना ते आवडतं, आवडू दे. पण फ्लशिंगला जाऊन ते मागू नका, तिथे दुसरंच काहीतरी तुमची वाट बघतंय.

आई, हे आता तुझ्यासाठी. फ्लशिंगमध्ये मॉलच्या तळघरांत एकेका माणसाचे छोटे छोटे गाळे असतात. तशा एका गाळ्यावर मी पहिल्यांदा लिआंगपी खाल्लं. चीनमधल्या शिआनकडचा पदार्थ. रुंद, पांढऱ्या, थंड पट्ट्या, वर काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर आणि मिरचीचं लालभडक तेल. पहिला घास घेतला आणि जिभेला काहीतरी ओळखीचं लागलं, पण नाव सुचेना. मग त्या बाईंना विचारलं, हे करता कसं? त्यांनी हातांनी दाखवलं. कणीक मळायची, पाण्यात धूत राहायची, पाणी दुधासारखं झालं की रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खाली बसलेलं वाफवायचं.

आई, तो चीक होता! आपल्या कुरडईचा गव्हाचा चीक.

मी तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते आणि मला आपली गच्ची दिसत होती. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज बदललेलं पाणी, तू पहाटे उठून मोठ्या पातेल्यात चीक हाटायचीस आणि आम्ही वाट्या घेऊन रांगेत, कुणाला दूध-साखर, कुणाला तेल-तिखट. मी तेल-तिखटवाली. उरलेल्या चोथ्याच्या तू भुसवड्या घालायचीस. तेही लोक काही टाकत नाहीत. कणीक धुऊन हातात जो चिवट गोळा राहतो तो वाफवतात, त्याला स्पंजासारखी जाळी पडते, आणि त्याचे चौकोन त्याच पट्ट्यांवर घालतात. आपण चीक दाबून, वाळवून, तळतो, ते वाफवून ओलाच खातात. तुला तिथे नेऊन त्या बाईंसमोर उभं करायचं, एवढं माझं ठरलेलं आहे. भाषेची काळजी करू नकोस. हाटण्याची खूण सगळीकडे एकच असणार.

दुसरी गोष्ट तिरफळाची. रत्नागिरीहून आलेली तुझी ती पितळी डबी, जिला आम्ही हात लावलेला तुला खपायचा नाही. बाबांनी माळ घातल्यावर तू मासे सोडलेस, पण तुरीच्या आमटीत दोन तिरफळं ठेचून टाकणं सोडलं नाहीस. इथे चीनच्या सिचुआन प्रांताच्या जेवणात एक मिरी असते, तिची टरफलं वापरतात. चावलं की जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिरतात. मी पहिल्यांदा चावलं तेव्हा वाटलं, हे तर तिरफळच. घरी येऊन शोधलं. तिरफळ आणि ही मिरी खरंच सख्ख्या बहिणी, झँथोझायलम नावाच्या एकाच गटातल्या, आणि दोघीही लिंबाच्या कुळातल्या. त्या कुळामुळेच 1968 ते 2005 पर्यंत अमेरिकेत ही मिरी आणायला बंदी होती. तिच्याबरोबर लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग येईल अशी भीती. शेवटी तापवून आणायच्या अटीवर बंदी उठली. सदतीस वर्षं इथल्या सिचुआनी लोकांनी आपल्या आमटीचा वास कसा सांभाळला असेल, असं मनात येतं. तू तुझी डबी सांभाळलीस, तसाच बहुतेक.

आता शाकाहाराचं. इथे मी एकदा फसले आणि ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका ठिकाणी कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली. "मांस नको" म्हटलं, "नाही" म्हणाले. अर्धी खाल्ल्यावर कळलं की त्यात माशांचा सॉस होता. मी शिव्या दिल्या नाहीत, कारण ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ते मीठच. त्या दिवशी बाबांची माळ डोळ्यांसमोर आली आणि मी नेटाने शिकायला लागले. थाई जेवणात माशांचा सॉस आणि कोलंबीची चटणी, चिनीत ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, कोरियन किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोलंबी, जपानी सुपात वाळवलेल्या माशाचे काप. म्हणून आता "मांस आहे का" असं विचारतच नाही, एकेका सॉसचं नाव घेऊन विचारते. खात्री झाली नाही तर हात जोडून उठते.

पण याच लोकांमध्ये शाकाहार किती जुना आहे, ते पाहून बाबा, तुम्हाला बरं वाटेल. चिनी बौद्धांच्या शाकाहारी जेवणाला "सू" म्हणतात, आणि कडक पाळणारे कांदा, लसूण, पातीचा कांदा काहीच घालत नाहीत. आईचा चातुर्मासच तो! फ्लशिंगमध्ये अशी हॉटेलं आहेत. व्हिएतनामी लोकांचा शब्द "चाय". त्यांच्यातले कितीतरी जण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. मी एका दुकानात म्हटलं, आमच्याकडे एकादशी असते. त्या मावशी म्हणाल्या, महिन्यातून किती? मी म्हटलं, दोन. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

आईच्या दातांसाठी दौहुआ. सोयाबीनच्या दुधाचं गरम गरम, थरथरणारं, त्यावर आल्याचा गोड पाक. खरवसासारखं दिसतं, पण खरवसाहून मऊ, चावायला काही लागत नाही. एका फुलांच्या दुकानात मिळतं, गुलाब-शेवंतीच्या बादल्यांशेजारी. लाफिंग म्हणून एक तिबेटी पदार्थ माझ्या घराखालीच मिळतो, मुगाच्या सत्त्वाचा, झणझणीत. तो बाबांना. मोमोंत बटाट्याचे असतात, ते खाऊ. तैवानकडे चहात साबुदाण्याची मोठी काळी भावंडं घालतात, ती बघायला म्हणून तरी जाऊ. आणि एवढं करूनही कुठे मन घेईना तर फ्लशिंगलाच बाऊन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे. 1977 मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली, दाक्षिणात्य घडणीचं आहे, आणि तळघरात त्यांचं उपाहारगृह. डोसा, इडली, सांबार, सगळं शाकाहारी. स्टेशनपासून चालायला लांब आहे, बसने जाऊ. दर्शन आधी, डोसा नंतर.

बाबा, एक गोष्ट मी तुम्हाला करू देणार नाही. सोया सॉस फार खारट असतो आणि तुमचं बीपी मला माहीत आहे. सॉसची वाटी मी माझ्याकडे ठेवणार. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मॅनहॅटनमधल्या झगमगीत हॉटेलांत मी तुम्हाला नेणार नाही. एकदा ऑफिसबरोबर गेले होते. पदार्थ देखणा होता, पण बनवणारं माणूस कुठे दिसलं नाही. बाबांना कढई दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि आता मलाही.

दसरा झाला की निघा. तेव्हा इथे थंडी बेताची असते आणि दिवाळी माझ्याकडे होईल. ताईला सांगून तिकिटं या आठवड्यात काढा, पैसे मी पाठवलेत. आई, कोंडाजीचा चिवडा दोन पाकिटं आण, एक त्या लिआंगपीवाल्या बाईंना द्यायचंय. थोड्या कुरडयाही आण, त्यांना तळून दाखवू. तिरफळाची डबी घरीच राहू दे. इथली सिचुआनची मिरी घालून तू आमटी कर, मग सांग जमली का.

तुमची,
मनू

ता. क. बाबांचे बूट मऊ तळव्यांचेच घ्या. फ्लशिंगला बसायला जागा कमी आणि उभं राहून खायचं जास्त.