सुभेदार साहेब, तुम्ही त्याला नशीब म्हटले नाहीत

आदरणीय सुभेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या तेरवीनंतर चौथ्या दिवशी आपण कामठीहून आमच्या प्रतापनगरच्या घरी आलात, त्याला आता वर्ष होत आले. त्या दिवशी आपल्याला धड चहाही विचारला गेला नाही आणि आभार मानायचे तर राहूनच गेले. ज्यांच्या कपाटात आजही वडिलांची किंवा आजोबांची बंदूक पडून आहे, त्यांच्याही नजरेस हे पडावे, म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहे.

परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र वारसांनी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते, एवढे मला ठाऊक होते. पण ती दुनळी उचलायला माझा हात धजत नव्हता. "पन्नास वर्षांत एकही बार उडालेला नाही, रिकामीच आहे," असे मी आपल्याला दारातच सांगितले. आपण मान डोलावलीत आणि तरीही ती भरलेलीच आहे असे धरून हाती घेतलीत. आधी नातवंडांना आतल्या खोलीत पाठवले. नळ्यांची तोंडे अंगणातल्या मातीकडे, बोट चापापासून लांब, सरळ ताठ ठेवलेले. मग कळ सरकवून बंदूक उघडलीत, दोन्ही नळ्यांत करंगळी घालून चाचपून पाहिलेत आणि मलाही तसेच करायला लावलेत. माझ्या करंगळीला काळपट तेलाचा डाग लागला. ओलीने फुगलेली कागदी टरफलांची सहा काडतुसे खालच्या कप्प्यात निघाली, तीही आपण वेगळ्या डब्यात ठेवलीत. ते दहा मिनिटांचे काम पाहताना मला एकच प्रश्न छळत होता: एवढेच १९७० साली कुणी बाबांना शिकवले असते तर?

तो प्रश्न मी बोलून दाखवला आणि आपण खुर्ची ओढून बसलात.

त्या हिवाळ्यात, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या दोन वर्षे आधी, उमरेडकडच्या रानात रानडुकरांसाठी हाका घातला होता. बाबा नाल्याच्या काठी बंदूक घेऊन उभे होते आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, हाकाऱ्यांच्या रांगेत होते. डुक्कर रांग फोडून उलटे वळले, बाबांनी त्याच्यामागे बंदूक फिरवली, पळसाच्या झुडपात काहीतरी हलले आणि बाबांनी चाप ओढला. झुडपात खाकी स्वेटर घातलेले काका होते. बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणेतो ते गेले. त्यांचे वय २६ होते, काकूंचे २२, आणि त्यांची मुलगी आठ महिन्यांची.

चौकशी झाली, अपघात ठरला. घरात मात्र एक वाक्य कायमचे ठरून गेले: तो आपली जागा सोडून पुढे गेला, नशिबात होते. हे वाक्य काकूंनी प्रत्येक सणावाराला ऐकले. बाबांनी ते कधी उच्चारले नाही, पण खोडूनही काढले नाही. दर निवडणुकीच्या आधी ते ती बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात जमा करीत आणि निकालानंतर परत आणीत. विकून का टाकत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा "मग ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल," एवढेच म्हणाले.

हे सारे ऐकून आपण काकूंना बाहेर बोलावून घ्यायला सांगितलेत. आपण त्यांना जे सांगितलेत ते मी जसेच्या तसे जपून ठेवले आहे: "वहिनी, कोण कुठे उभा होता हा प्रश्न नंतरचा. आपण कशावर नेम धरतो आहोत आणि त्याच्यामागे काय आहे हे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही जबाबदारी बंदूक ज्याच्या हातात आहे त्याची. तुमच्या यजमानांची चूक नव्हती." मग ११ फेब्रुवारी २००६ ची टेक्सासमधली हकिगत सांगितलीत. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लावे पक्ष्यांच्या शिकारीत उडत्या पक्ष्यामागे बंदूक घेऊन वळले आणि छर्रे लागले ते ७८ वर्षांच्या सोबत्याला. तो मागून परत आल्याची वर्दी त्याने दिली नाही, असे तिथेही आधी म्हटले गेले. मात्र काही दिवसांनी चेनींनी चाप आपण ओढला, दोष त्याचा नाही, असे दूरचित्रवाणीवर मान्य केले. तो माणूस वाचला. तिकडच्या बहुतेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालावे लागतात, कारण तो रंग हरणाला उठून दिसत नाही पण माणसाला लांबून दिसतो, हेही आपण सांगितलेत. काकू बराच वेळ काकांच्या फोटोकडे पाहत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "दशरथानेही पाहिले नव्हते. घागर भरल्याचा आवाज ऐकला, हत्ती समजला. पण श्रावणबाळ तिथे पाण्याला का गेला, असे त्याने कधी म्हटले नाही."

खरे सांगते, त्या क्षणी मला बाबांसाठीही रडू आले. चूक त्यांची होती हे आपण स्पष्ट म्हणालात, आणि तरी त्यांना खुनी म्हणाला नाहीत. त्यांनी पुन्हा कधी बार टाकला नाही, रात्री दार वाजले तरी दचकून उठत. ही शिक्षा आम्ही घरातल्यांनी पाहिली, पण तिला नाव कधी दिले नाही.

आज शिकारीला बंदी आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांमुळे परवान्याआधी सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तरीही रानडुक्कर आणि रोह्यांच्या त्रासाने आमच्याकडचे शेतकरी रात्री जागलीला असतात, आणि अंधारात तुरीच्या ओळीत हलणारे प्रत्येक काही जनावर नसते. पाणी द्यायला आलेला शेजारीही असतो. म्हणून रायफल क्लबवरच्या पोरांना आपण जे शिकवता, ते आमच्या गावी येऊन एकदा सांगावे अशी विनंती आहे. चावडीवर बसायची सोय मी करते.

बंदूक जमा केल्याची पावती काकूंनी देवघरातल्या डब्यात ठेवली आहे. यंदा काकांच्या तिथीला त्या वडाभात करणार आहेत, आणि सुभेदारांना बोलाव, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे. तारीख फोनवर कळवते.

आपली कृतज्ञ,
त्या घरातली थोरली मुलगी
प्रतापनगर, नागपूर