शेवटच्या शर्यतीआधी, पिटसाठी

बेल्जियम, फेब्रुवारी

चि. निखिल, अनेक आशीर्वाद.

आई-बाबांना नमस्कार सांग. पुढचा मजकूर त्यांना वाचून दाखवलास तर चिखलाचा भाग थोडा आवरता घे.

तू येतोयस ते सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवतातल्या सायकल शर्यतींच्या, सीझनच्या अगदी शेवटी. सप्टेंबरात टणक असलेलं गवत आता उरलेलं नसतं, वळणावळणावर चाकोऱ्या पडलेल्या असतात. अशा वेळी पायांइतकीच शर्यत पिटमध्ये, म्हणजे मळलेली सायकल देऊन धुतलेली घ्यायच्या जागी, ठरते, आणि पिटमध्ये तू उभा राहणार आहेस. म्हणून हे सगळं आधीच लिहिते.

पहिली गोष्ट टायरमधल्या हवेची. यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमाप्रमाणे टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे पकड मिळवायची ती हवा कमी करूनच. माझं वजन साठ किलोच्या आसपास. चिखलात ट्यूब्युलरमध्ये (रिमला चिकटवलेल्या टायरमध्ये) मागे १.४ बार, पुढे १.३. मात्र हवा खोलीत भरू नकोस. वीस अंशांत १.४ भरलेलं टायर शून्य अंशात नेलं की १.२४ च्या आसपास उतरतं, आणि माणूस नसलेलं पंक्चर शोधत बसतो. सायकली अर्धा तास बाहेर ठेवायच्या, मग गेज लावायचा.

सकाळी जमीन गोठलेली असेल तर ०.१ ते ०.२ बार जास्त ठेवायची, नाहीतर चाकोरीच्या कडेवर रिम आपटते. खरी पंचाईत दुपारी. ऊन पडलं की वरचा दोनेक सेंटिमीटरचा थर सुटतो, खालचा मात्र गोठलेलाच. पाणी मुरायला जागा नसते, वरचा लगदा खालच्या थरावरून सरकतो आणि टायरच्या गुठळ्यांना धरायला काही सापडत नाही. म्हणून हवेचा शेवटचा निर्णय मी कोर्सवरून एक फेरी मारून आल्यावरच घेऊ. सकाळचा आकडा धरून बसायचं नाही.

आता पिट. आमच्या कोर्सवर एका लॅपमध्ये दोनदा पिटशेजारून जाता येतं. आत शिरायचं ते फक्त सायकल किंवा चाक बदलायला. पिट मागे पडलं की परत वळता येत नाही; पुढचं पिट येईपर्यंत अर्धा लॅप त्याच सायकलवर रेटायचा. लॅप सात मिनिटांचा धरलास तर मळलेली सायकल धुवून तयार ठेवायला तुझ्या हातात साडेतीन मिनिटं, त्यातली निम्मी प्रेशर वॉशरच्या रांगेत जातात. म्हणून क्रम पक्का ठेव. आधी मोठी ढेकळं हातानेच काढ. मग पाणी: पेडल, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), गिअर बदलणाऱ्या डिरेलरची छोटी चाकं, ब्रेकभोवतीची जागा, याच क्रमाने. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो तिथे) थेट झोत मारू नकोस, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन फडक्याने पुसून थोडं तेल, गिअर मधल्या दातांवर. चकचकीत करायच्या फंदात पडू नकोस; फ्रेम मळकी असली तरी कोणाचं काही अडत नाही.

सायकल देताना तू तिच्या उजव्या बाजूला, एक हात सीटवर, एक हँडलवर. मी डावीकडून धावत येऊन उडी मारते, त्यामुळे ती बाजू मोकळी हवी. उजवं पेडल वर-पुढे ठेव. मळलेली सायकल पकडायला दुसरा माणूस असेल, तिच्याकडे तू बघूही नकोस.

बिघडतं काय, तर बहुतेक वेळा मागचा डिरेलर. ओलं गवत आणि चिकणमाती त्यात गुंडाळली जाते, आणि तशात जोर लावून गिअर टाकला की हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो, कधी डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. मोडलेला हँगर शर्यत चालू असताना बदलता येईलच असं नाही, पण सुटा तुकडा आणि त्याचा षटकोनी पाना तुझ्या खिशातच असू दे. दुसरं म्हणजे ब्रेक पॅड. वाळूमिश्रित चिखलात रेझिनचे पॅड एका शर्यतीत संपू शकतात. आपण धातूचे लावू. तिसरं, पेडलमध्ये माती दाबून बसली की बुटाचं क्लीट अडकतच नाही. शर्यतीआधी पेडलवर आणि फ्रेमच्या पोटाखाली सिलिकॉन स्प्रे मारलास की निदान पहिले दोन लॅप बरे जातात.

स्टार्टच्या रांगेत माझं जाकीट अगदी शेवटी, दोन मिनिटं उरली की घे. पायाला लावायचं गरम मलम मी आधीच लावलेलं असेल. त्या डबीला हात लावलास तर डोळे चोळू नकोस!

तुझ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट इथे आहेत, तुझ्याच मापाचे. हातमोज्यांच्या मात्र दोन जोड्या आण, एक तरी पाणी न शिरणारी. प्रेशर वॉशरचं पाणी बोटांना फार लागतं.

तुझी,
ताई